‘सापडलं नाही’ आणि ‘शोधलं नाही’



मागच्या वेळी पापडांचा लेख कबूल केला होता. तो पुढच्या वेळी. आज मी रागावलेली आहे. क्रोध हा कषाय आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून घडलेल्या गोष्टीनंतर दीड महिना थांबले. राग निवतो का ते बघितलं. निवला नाही. उलट जसजसं तपासत गेले तसतशी खात्री पटत गेली की हे नुसतं माझ्या घरचं रडगाणं नाही, तुमच्याही घरात हे घडू शकतं.

विषय आहे फोनमधल्या नोंदींच्या ॲपचा. आपल्यापैकी कितीतरी जणींनी हिशेबाची वही बाजूला ठेवून सगळं घर त्यात भरलंय. माझ्या ॲपमध्ये सहा वर्षांच्या नोंदी आहेत. लोणच्याचं प्रमाण, मुलांच्या लसी, विम्याच्या तारखा, दशलक्षणात कुणाचे उपवास आणि कुणाचं एकाशन, चातुर्मासाला आलेल्या आर्यिका माताजींचा कोणत्या रसांचा त्याग आहे, पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. फुकटचं ॲप नाही, दरवर्षी पैसे भरते. घेताना मला एकच गोष्ट भावली होती: एकदा लिहा, कुठूनही शोधा. फोन, कॉम्प्युटर, टॅब, सगळीकडे तीच वही.

आता काय झालं ते सांगते.

श्रावणात सासूबाईंना ताप आला. दोन दिवसांत धाप लागायला लागली. रात्री साडेदहाला दवाखान्यात नेलं. हे परगावी होते. डॉक्टरांनी न्यूमोनियाची शंका सांगितली आणि विचारलं, “यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?” सासूबाई ग्लानीत होत्या. मी फोन काढला, नोंदींमध्ये ‘ॲलर्जी’ शब्द टाकला. पडद्यावर उत्तर आलं: काही सापडलं नाही.

आणि मी डॉक्टरांना म्हटलं, “नाही.”

या ‘नाही’चं मला आजही वाईट वाटतं. ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. पण मी इतकी वर्षं निगुतीने नोंदी ठेवणारी बाई. माझ्या वहीत नाही म्हणजे नाहीच, असा माझा विश्वास.

पाच मिनिटांनी विम्याचा नंबर हवा म्हणून मुलीला घरी फोन केला. बोलता बोलता डॉक्टरांनी काय विचारलं ते सांगितलं. ती कॉम्प्युटरसमोरच बसली होती. तिने तोच शब्द टाकला आणि ओरडली, “आई, आहे! पेनिसिलिन! सोलापूरच्या आत्याकडे असताना आजीच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. तूच लिहिलंयस!” चार वर्षांपूर्वी नणंदबाईंनी फोनवर सांगितलेलं मी टिपून ठेवलं होतं. सोबत त्यांनी पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाचा फोटोही होता. त्यावर छापील अक्षरांत औषधाचं नाव होतं.

मी धावत सुटले. नर्सताई औषधाची तयारीच करत होत्या. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. सासूबाई आठ दिवसांनी घरी आल्या, आता ठणठणीत आहेत. पण मी विम्याच्या नंबरासाठी फोन केला नसता तर? हा विचार अजूनही रात्री उठवतो.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला दोष दिला असेल? स्वतःला. “मलाच नीट शोधता आलं नसेल.” घरी आल्यावर हेही म्हणाले, “तुझंच काहीतरी चुकलं असेल, ॲप कसं चुकेल?” मैत्रिणींनो, आपली सवयच आहे ही. मिक्सर बिघडला तरी आपलंच चुकलं आणि मशीन खोटं बोललं तरी आपलंच चुकलं. म्हणून यावेळी मी ठरवलं, आधी तपासायचं, मग बोलायचं. सासूबाई घरी आल्यावर एका दुपारी फोन, मुलाचा टॅब आणि कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडले. तिन्हींवर तेच ॲप, त्याच नोंदी. एकेक शब्द तिन्हींवर शोधत गेले.

पहिला शब्द ‘ॲलर्जी’. इथे मुलीने मला एक गंमत दाखवली. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर मी ‘अ’ लिहून वर वेगळा चंद्र दिला होता. फोनचा कीबोर्ड ‘ॲ’ हे एकच अखंड अक्षर देतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी आहेत. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणारी जी जागतिक व्यवस्था आहे, युनिकोड, तिच्यात हे अखंड ‘ॲ’ २००८ मध्ये आलं. त्याआधी ते जोडूनच लिहावं लागे आणि कित्येक कीबोर्ड आजही तसंच लिहितात. युनिकोडच्या नियमांत ही दोन रूपं एकमेकांच्या बरोबरीची मानलेली नाहीत. ती एकच आहेत, हे ॲप बनवणाऱ्याने यंत्राला मुद्दाम शिकवावं लागतं. आमच्या ॲपला कुणी शिकवलेलं नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र सुद्धा असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो.

दुसरा शब्द ‘सिद्धांत’. स्वाध्यायाच्या माझ्या नोंदींत हा शब्द जागोजागी आहे. पण जिनेंद्र वर्णीजींच्या कोशातून काही भाग मी हिंदीतूनच उतरवून घेतलेत. त्या ग्रंथाचं नाव छापलंय ‘जैनेन्द्र सिद्धान्त कोश’, दोन्हीकडे अर्धा न. मराठीत आपण अनुस्वार देतो. तिन्ही यंत्रांपैकी एकालाही हे दोन एकच शब्द आहेत हे कळलं नाही.

तिसरा, ‘५००’. कॉम्प्युटरने मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकड्यांतल्या नोंदी काढून दिल्या. फोनने फक्त मराठी आकड्यांच्या. म्हणजे फोनवरून शोधलं तर माझा निम्मा हिशेब गायब.

चौथा, ‘मूळ’. कॉम्प्युटरने ‘कंदमूळ’ असलेल्या सगळ्या नोंदी आणल्या. टॅब शब्दाची फक्त सुरुवात बघतो, मधलं आणि शेवटचं नाही. त्याने एकही आणली नाही.

पाचवा, डिस्चार्ज कार्डावरचं औषधाचं नाव, इंग्रजी अक्षरांत. कॉम्प्युटर फोटोतली छापील अक्षरं वाचतो, त्याला ते सापडलं. फोन वाचत नाही. त्या रात्री माझी दोन्ही दारं बंद होती, लिहिलेल्या शब्दाचंही आणि फोटोचंही.

मुलीने मग समजावून सांगितलं की शोध घेताना ॲप दरवेळी सगळ्या नोंदी वाचत बसत नाही. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक सूची ते आधीच करून ठेवतं आणि त्यात बघतं. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक यंत्राची सूची वेगळी, ती करण्याचे नियमही वेगळे. फोनमध्ये जागा कमी म्हणून कधी सगळ्या नोंदी उतरवलेल्याच नसतात. फोटो वाचायचं काम एका ठिकाणी होतं, दुसऱ्या ठिकाणी होत नाही. वही एक म्हणून विकली, आतल्या सूच्या तीन.

आता मला सांगा, माझ्या कपाटातला कोश मी सांगलीत उघडला किंवा बहिणीने पुण्यात उघडला तर पानं बदलतात का? तिच्या प्रतीत एखादा शब्द आहे आणि माझ्या प्रतीत नाही, असं झालं तर आपण छापणाऱ्याला जाब विचारू. इथे मात्र मुकाट्याने पैसे भरतो.

काही जण म्हणतील, फोन लहान असतो, त्याच्याकडून कॉम्प्युटरएवढी अपेक्षा कशी करायची? कबूल. माझी तक्रार फोन कमी शोधतो याबद्दल नाहीच. कमी शोधून तो पुरं शोधल्यासारखं सांगतो, याबद्दल आहे. “या फोनवर उतरलेल्या नोंदींत बघितलं, फोटो बघितले नाहीत, सापडलं नाही” असं एक वाक्य पडद्यावर आलं असतं तर मी डॉक्टरांना ‘नाही’ म्हटलं नसतं. ‘थांबा, घरी विचारते’ म्हटलं असतं.

आपल्याला पाठशाळेत स्याद्वाद शिकवला. ‘नाही’ म्हणायचं तर कोणत्या अपेक्षेने नाही, ते धरून म्हणायचं. स्यात् नास्ति. लहानपणी वाटायचं, ही पंडितांची शब्दांची कसरत आहे. त्या रात्री कळलं की हा किती व्यवहारातला नियम आहे. न बघितलेल्या खोलीबद्दल “तिथे कुणी नाही” म्हणणं म्हणजे एकांतवाद झाला. आणि आपण माणसांनी असं केलं तर त्याला सरळ असत्य म्हणतो.

दुसरा आक्षेप घरातूनच आला. “इंग्रजीत लिही ना, सगळं सापडेल.” हा सल्ला मला सर्वांत जास्त झोंबला. सासूबाईंच्या दुखण्याची नोंद मी इंग्रजीत का करायची? जी गोष्ट मी मराठीत ऐकली, मराठीत समजून घेतली, ती मराठीतच लिहिणार. पैसे घेताना हे ॲप माझी भाषा विचारत नाही. जाहिरातही मराठीत करतं. मग शोधताना मराठीच्या दोन तऱ्हा, अनुस्वार आणि आकडे ओळखण्याचं काम कुणाचं? ‘मर्यादा’ शोधलं की ‘मर्यादेत’ही सापडावं, ‘चौका’ शोधलं की ‘चौक्यात’ही, ही तर पुढची पायरी. आपल्या भाषेत विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, हे पाचवीतल्या मुलाला शिकवतात. आधी त्यांनी निदान डोळ्यांना एकच दिसणारा शब्द एकच मानावा.

तिसरा आक्षेप सासूबाईंचा, आणि तो खरा आहे. “वहीत लिहिलं असतंस तर?” वहीत लिहिलं असतं तर वही घरी राहिली असती, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पण वही खोटं बोलली नसती. घरी राहिली एवढंच कळलं असतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी त्या कंपनीला मराठीतून पत्र लिहिलंय. त्यात तीन मागण्या केल्यात. एक, सापडलं नाही म्हणताना कुठे कुठे बघितलं ते सांगा. दोन, एका वहीत एकच शब्द शोधला तर सगळ्या यंत्रांवर एकच उत्तर द्या, आणि जमत नसेल तर विकतानाच तसं सांगा. तीन, मराठी लिहिण्याच्या ज्या तऱ्हा रूढ आहेत त्या सगळ्या ओळखा. “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे” एवढं उत्तर आलंय. मी पुन्हा लिहिणार आहे. तुम्हीही आपापल्या ॲपवाल्यांना लिहा, मराठीतच लिहा. एका बाईचं पत्र गाऱ्हाणं ठरतं, पन्नास जणींची पत्रं आली तर कुणाला तरी ती वाचावी लागतात.

आणि तोवर दोन कामं आजच करा. पहिलं, या पाच शब्दांची परीक्षा आपल्या घरी घ्या. अर्धा तास लागतो. आपली वही कुठे आंधळी आहे ते तरी कळेल. दुसरं, घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची ॲलर्जी, रक्तगट आणि चालू गोळ्या एका कागदावर लिहा. एक प्रत देवघराजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक पर्समध्ये ठेवा. माझ्या पर्समध्ये आता आहे. सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलाय, ‘पेनिसिलिन’खाली दोन रेघा मारून.

पापडांचा लेख पुढच्या वेळी नक्की. प्रमाण फोनमध्ये आहे. सापडलं तर.

जय जिनेंद्र.