चित्र वाचूया : नदीतली गवताची गाडी

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं 'द हे वेन' हे चित्र फोनवर उघडा. हे वेन म्हणजे वाळलेलं गवत वाहणारी गाडी. मूळ चित्र सुमारे सहा फूट रुंद असून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

पहिल्या नजरेत सगळं निवांत वाटतं. डावीकडे कौलारू घर, काठावर कुत्रा, मधोमध उथळ नदीत उभी घोडागाडी. गाडीत दोन माणसं आहेत, पण गवत नाही. वर निम्मं चित्र व्यापणारं ढगाळ आकाश. सगळ्या हिरव्या-तपकिरी रंगात घोड्यांच्या साजावरचे लाल ठिपके तेवढे चमकतात आणि नजर बरोबर गाडीवर येते.

ही जागा खरी आहे. सफोक परगण्यातली स्टूर नदी, तिच्या काठची फ्लॅटफर्ड गिरणी. गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची होती. समोरचं घर विली लॉट या शेतकऱ्याचं, ते आजही उभं आहे. पण चित्र रंगवलं लंडनच्या स्टुडिओत, 1821 साली. वडील वारले होते, गिरणी भाऊ सांभाळत होता. जुनी रेखाटनं समोर ठेवून चाळिशी ओलांडलेला मुलगा आपलं बालपण रंगवत होता.

आता उजवीकडचं शेत बोटांनी मोठं करून पाहा. झाडांच्या पलीकडे पांढरे ठिपके दिसतील. ती गवत कापणारी, गाडी भरणारी माणसं. भर दुपारी सगळं कष्टाचं काम तिथे चाललंय, पण आपल्याला ना त्यांचे चेहरे दिसतात, ना घाम.

त्या काळी या मजुरांचे हाल होते. 1815 मध्ये नेपोलियनबरोबरचं युद्ध संपलं, सैनिक घरी परतले, काम मिळेना, मजुरी घटली. हे चित्र लंडनमध्ये मांडलं गेलं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी सफोक-नॉरफोकमध्ये मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. कारण हिवाळ्यात मळणीच्या कामावरच त्यांची चूल पेटायची.

मग चित्र खोटं म्हणायचं का? तसं नाही. ढग, ओली माती, पाण्यावरची चमक कॉन्स्टेबलने इतक्या बारकाईने टिपली, की 1824 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. मायदेशी मात्र 1821 च्या प्रदर्शनात हे चित्र विकलंही गेलं नव्हतं. निसर्ग त्याने जवळून पाहिला. शेत मात्र गिरणीमालकाच्या मुलाला दिसतं तसं दिसलं, म्हणजे नदीच्या अलीकडून.

आपल्याकडच्या कॅलेंडरांवरही गाव असंच सुंदर असतं. असं चित्र पुढे आलं, की घरातल्या मुलांना एवढंच विचारा : यात काम कोण करतंय, आणि ते किती लांब उभे आहेत?