कित्ता आणि स्वाक्षरी

वहीवर पहिले अक्षर काढताना आपण ते स्वतःच्या मनाने काढत नाही. कोणीतरी आधी काढून दिलेले वळणदार अक्षर समोर असते आणि त्याच्यावरून आपण पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवतो. यालाच आपण कित्ता गिरवणे म्हणतो. बालपणी ज्यांना ही संधी मिळाली नाही आणि ज्यांनी मोठेपणी हाती लेखणी धरली, त्यांना या गिरवण्याचे मोल अधिक कळते. पुढे तोच हात कागदावर स्वतःची सही करतो. सहीचा कित्ता कोणी घालून देत नाही. पण कित्ता गिरवला नसता, तर सहीही उमटली नसती.

अक्षरांच्या बाबतीत सहज पटणारी ही गोष्ट कलेच्या बाबतीत मात्र वादाची ठरते. समजा, एखाद्या हौशी छायाचित्रकाराला एका थोर कलावंताचे रेल्वे स्थानकाचे छायाचित्र अतिशय आवडले. त्याने आपला कॅमेरा उचलला, जवळचे स्थानक गाठले आणि तसेच छायाचित्र काढण्याचा प्रयत्न केला. त्याने योग्य केले की अयोग्य? काही जण म्हणतात, ही निव्वळ नक्कल आहे. कलावंताने स्वतःचे असेल तेच मांडावे. काही जण म्हणतात, शैली ही कोणाची खासगी मालमत्ता नाही. आवडली तर खुशाल उचलावी. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. अनुकरण हा शिकण्याचा रास्त आणि आवश्यक मार्ग आहे. मात्र ज्याचे अनुकरण करायचे त्याची दृष्टी घ्यावी, केवळ त्याच्या चित्राचा देखावा घेऊ नये, असे माझे मत आहे. या मतापर्यंत मी कशी पोहोचले, ते सांगण्यासाठी काही स्थानकांची उदाहरणे घेते.

पॅरिस शहरातील सँ-लाझार हे स्थानक चित्रकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७७ मध्ये या स्थानकाची बाराएक चित्रे रंगवली. वाफेच्या इंजिनांचा धूर, काचेच्या छपरातून झिरपणारा प्रकाश आणि त्या दोहोंत विरघळत जाणाऱ्या गाड्या हा त्याच्या चित्रांचा विषय होता. पुढे १९३२ मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने याच स्थानकाच्या मागच्या बाजूला एक छायाचित्र टिपले. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा एक माणूस त्यात दिसतो. त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे, पण अजून टेकलेली नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांनी तारुण्यात चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले होते. तरीही मोनेच्या स्थानकाजवळ उभे राहून त्यांनी मोनेचा धूर शोधला नाही. त्यांनी शोधला तो सेकंदाचा एक अत्यंत लहान तुकडा.

तिसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. रघू राय यांचा जन्म १९४२ चा. १९७७ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांनीच त्यांचे नाव 'मॅग्नम' या जगद्विख्यात छायाचित्रकार संस्थेसाठी सुचवले होते. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेची त्यांची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. त्यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्थानकात काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र पुष्कळांच्या स्मरणात आहे. लोकल गाड्यांच्या प्रवाशांचा लोंढा फलाटावरून वाहतो आहे. त्या लोंढ्यातील माणसांचे चेहरे दिसत नाहीत. पुराच्या पाण्यासारख्या पुसट रेघा तेवढ्या दिसतात. या वाहत्या गर्दीत काही माणसे वर्तमानपत्र वाचत स्वस्थ आहेत आणि तेवढीच स्पष्ट दिसतात.

हे कसे साधते? कॅमेऱ्यात शटर नावाचा एक पडदा असतो. तो डोळ्याच्या पापणीसारखा उघडतो आणि मिटतो. तो सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकाच उघडला, तर धावणारा माणूसही जागच्या जागी थिजल्यासारखा दिसतो. तोच अर्धा सेकंद उघडा राहिला, तर जे हलते ते पुसट होते आणि जे स्थिर असते ते स्पष्ट उमटते. आता पाहा, उडी मारणाऱ्या माणसाला कार्तिए-ब्रेसाँ यांनी हवेत थांबवले. त्यांच्याविषयी आदर असलेल्या राय यांनी चर्चगेटला नेमके उलट केले. त्यांनी काळ थांबवला नाही, तो वाहू दिला. ज्येष्ठाकडून त्यांनी घेतली ती वाट पाहण्याची चिकाटी आणि माणसांवरची नजर. छायाचित्र मात्र त्यांचे स्वतःचे झाले.

हे सारे मला आज कळते. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकात ते चर्चगेटचे छायाचित्र पाहिले, तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला : असेच आपल्यालाही काढता आले पाहिजे. छायाचित्रणाचा छंद मला उशिरा जडला. उशिरा शिकणाऱ्याला घाई फार असते. मी एका संध्याकाळी चर्चगेटला गेले, एका खांबाला कॅमेरा टेकवला आणि शटर अर्धा सेकंद उघडे ठेवून दहा-पंधरा छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहिली, तर सगळीकडे नुसता धुरळा. गर्दी पुसट होती, ते ठीकच होते. पण स्थिर असे त्यात काहीच नव्हते. मग लक्षात आले की मूळ छायाचित्राचा प्राण त्या पुसट गर्दीत नव्हता. तो वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसांत होता. मी लोंढा उचलला होता आणि स्वस्थपणा विसरले होते. हा पहिला धडा मला अनुकरणानेच दिला. नुसते पुस्तक पाहून तो मिळाला नसता.

दुसरा धडा मिळाला तो मिरजेला. मिरज हे मोठे जंक्शन आहे. एकेकाळी रुळांच्या तिन्ही रुंदींच्या गाड्या तेथे एकत्र येत असत. आषाढाचे दिवस होते आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत पुष्कळ मंडळी फलाटावर बसली होती. मी पुन्हा तोच प्रयोग आरंभला. एक वृद्ध बाई आपले गाठोडे सोडून पुन्हा बांधत होत्या. मी शटर सावकाश ठेवून त्यांचे छायाचित्र काढले. त्यांच्या ते ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "बाई, फोटू काढलासा न्हवं माझा? मग मला दावा की." मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्र दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यात मी कुठाय? माझं त्वांडच पुसलंय की वो!"

मला उत्तर सुचले नाही. चर्चगेटच्या लोंढ्यात चेहरे पुसले जाणे हे त्या जागेचे सत्य होते. रोजच्या धावपळीत माणसाचा चेहरा हरवतो, हेच ते छायाचित्र सांगते. मिरजेच्या फलाटावर मात्र कोणी धावत नव्हते. तेथे माणसे तासन् तास बसून होती. एकमेकांची विचारपूस करत होती, भाकरी वाटून खात होती. तेथे वाहणारा लोंढा नव्हताच. मी तो बाहेरून आणून त्यांच्यावर लादला होता. त्यात एका माणसाचा चेहरा गेला आणि तोही तिला न विचारता. दुसऱ्याची शैली जशीच्या तशी उचलताना केवळ आपली कला उणी पडते असे नाही. समोरच्या माणसावरही अन्याय होऊ शकतो. उसन्या चष्म्यातून पाहिले, तर समोरचे माणूस जसे आहे तसे दिसत नाही.

मी त्यांची परवानगी घेतली आणि दुसरे छायाचित्र काढले. त्यात त्या गाठोड्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे थेट पाहत आहेत आणि त्यांच्यामागे एक गाडी पुसट होऊन निघून जाते आहे. शटर त्याही वेळी सावकाशच होते. पण या वेळी पुसट काय व्हावे आणि स्पष्ट काय राहावे, हे मी त्या जागेला विचारून ठरवले होते. ते छायाचित्र काही थोर नाही. तरीही माझ्या वहीतील ती पहिली सही आहे, असे मी समजते.

मिरजेचे नाव निघाले की संगीताची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथील तंबोरे आणि सतारी प्रसिद्ध आहेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरूच्या गळ्यातून निघालेला स्वर शिष्याने तसाच लावायचा, ही आपल्याकडील शिक्षणाची जुनी रीत आहे. तिला कोणी नक्कल म्हणत नाही, तालीम म्हणतात. तरीही भीमसेनांचे गाणे ऐकताना ते भीमसेनांचेच आहे, हे ओळखायला क्षणही लागत नाही. वर्षानुवर्षांच्या तालमीने त्यांचा आवाज दडपला गेला नाही. तो सिद्ध झाला. म्हणून अनुकरणाने स्वत्व नष्ट होते, हा आक्षेप मला मान्य नाही. स्वत्व नष्ट होते ते अनुकरणापाशी कायमचे थांबल्याने.

आता दुसऱ्या मताकडे वळू. शैली कोणाच्या मालकीची नाही, हे खरे मानले तरी तिच्यामागे कोणाचे तरी कष्ट असतात. आज मोबाइलमध्ये बोट टेकवताच कोणतेही छायाचित्र जुन्या कृष्णधवल छायाचित्रासारखे करता येते. संगणकाला नुसते सांगितले, तर तो अमुक कलावंताच्या शैलीतील स्थानकाचे चित्र तयार करून देतो. स्थानकावर जाण्याचीही गरज उरत नाही. या सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या ठिकाणी कित्ता यंत्र गिरवते, आपला हात कोराच राहतो. चर्चगेटचा फसलेला धुरळा माझ्या वाट्याला आला नसता, तर स्वस्थपणाचे महत्त्व मला समजले नसते. मिरजेच्या त्या आजी भेटल्या नसत्या, तर पुसलेला चेहरा मला खटकलाही नसता. गिरवण्याचे फळ कागदावर कमी आणि हातात अधिक उतरते.

परीक्षेतील कॉपी आणि वहीतील कित्ता यांत हाच भेद आहे. कॉपी करणारा लपवतो. कित्ता गिरवणारा उघडपणे गिरवतो. कॉपी करणाऱ्याला उत्तर हवे असते. गिरवणाऱ्याला लिहिणे यायला हवे असते. म्हणून कोणाच्या शैलीत छायाचित्र काढले, तर त्याचे नाव मोकळेपणाने सांगावे. ज्यांचे छायाचित्र काढायचे, त्यांना शक्य तेथे विचारावे. व्यावसायिक कामासाठी रेल्वेची परवानगी घ्यावी. चांगल्या कोनाच्या मोहाने रुळांवर तर कधीच उतरू नये. रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये तो गुन्हा आहे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्यात जिवाला धोका आहे. कोणतेही छायाचित्र माणसापेक्षा मोठे नसते.

मोने यांच्या चित्रांतील वाफेची इंजिने आता आपल्या रोजच्या प्रवासात उरलेली नाहीत. मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी १९२५ मध्येच धावली. त्यामुळे आजच्या स्थानकावर मोनेचा धूर शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. मात्र धुरात आणि प्रकाशात आपल्या काळाचे रूप पाहण्याची मोनेची सवय आजही उपयोगी पडेल. आपल्या काळाचे रूप कदाचित मोबाइलच्या उजेडात उजळलेल्या चेहऱ्यांत असेल, कदाचित जिन्यावर दम खात थांबलेल्या हमालात असेल. ते आपल्याच स्थानकावर उभे राहून शोधावे लागेल.

आपल्यापैकी अनेकांनी शिक्षणाची गाडी एकदा चुकल्यानंतर पुन्हा फलाट गाठला आहे. दुसऱ्याचे पाहून शिकताना मनात संकोच येतो, लोक काय म्हणतील असे वाटते. तो संकोच बाळगू नये. आवडत्या कलावंताचा, लेखकाचा, कारागिराचा कित्ता जरूर गिरवावा, मन लावून गिरवावा. गिरवता गिरवता एके दिवशी आपला हात समोरच्या रेषेपासून किंचित वेगळा वळतो. त्या क्षणी चूक झाली म्हणून लगेच खोडरबर उचलू नये. थोडे थांबून ती रेषा पाहावी. कदाचित तेथून आपली सही सुरू होत असेल.