जहाज सुटते, खलाशी अडकून राहतो

बोटीवर माणूस असलेल्या प्रत्येक घरासाठी, आणि ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर नाही त्यांच्यासाठीही



२८ सप्टेंबर २०१० रोजी ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज मोंबासाहून दरबानकडे जाताना सोमाली चाच्यांनी पळवले. झेंडा पनामाचा, माणसे पंधरा, आणि पंधराही भारतीय. साडेसहा महिने घासाघीस चालली. खंडणी ठरली, पोहोचती झाली आणि १५ एप्रिल २०११ रोजी जहाज सुटले. त्यावर माणसे मात्र आठच होती. उरलेल्या सात जणांना चाच्यांनी उतरवून किनाऱ्यावर नेले. पैसे घेऊनही त्यांना का ठेवून घेतले, हे चाच्यांनी उघडपणे सांगितले. भारतीय नौदलाने आमचे शंभराहून अधिक लोक पकडून मुंबईला नेले आहेत. ते सोडा, मग हे सोडू.

ते सात जण ३० ऑक्टोबर २०१४ रोजी सुटले. चार वर्षे आणि वर एक महिना.

‘अस्फाल्ट व्हेंचर’ पळवले जाण्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, ‘मर्स्क अलाबामा’च्या अमेरिकन कप्तानाला चाच्यांनी पकडले होते. पाचव्या दिवशी अमेरिकी नौदलाने त्याला सोडवले. त्याच्यावर सिनेमा निघाला, जगभर चालला. तो कप्तान घरी पोहोचला याचा आम्हाला आनंदच आहे. दर्यावर पोट असलेल्या कोणालाही तो होईल. पण चार वर्षे बंदुकीच्या धाकाखाली काढलेल्या आपल्या सात माणसांपैकी एकाचे तरी नाव हे पत्रक हातात धरलेल्या किती जणांना सांगता येईल? त्यांच्या बायकामुलांनी ती चार वर्षे कशी काढली, हे कोणी विचारले?

हे पत्रक आम्ही काढतो आहोत कारण ती अवस्था उद्या पुन्हा कोणाच्याही घरी येऊ शकते, आणि ती आली तर दाद कोणाकडे मागायची याचे उत्तर आजही नीट लागलेले नाही.

आज समुद्रावर चालणाऱ्या जहाजाचा मालक कोण, हे शोधणे हेच एक काम आहे. मालकी दुबईत नोंदलेल्या कंपनीची, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, विमा लंडनचा, माल चौथ्याचा आणि माणसे भरणारा एजंट अंधेरीत किंवा बेलापुरात. खलाशी रत्नागिरीचा, वेंगुर्ल्याचा, साष्टीचा. सगळे सुरळीत असते तोवर या प्रत्येकाला जहाजातून पैसा मिळतो. जहाज पळवले गेले की झेंड्याचा देश कानावर हात ठेवतो, मालक विमा कंपनीकडे बोट दाखवतो, एजंट म्हणतो की मी फक्त माणूस पाठवला, आणि आपले सरकार सांगते की आम्ही चाच्यांशी बोलत नसतो. पगारातून घरी दरमहा येणारी रक्कम, म्हणजे अलॉटमेंट, बंद पडते. मुलाच्या शाळेची फी, घराचा हप्ता आणि म्हाताऱ्यांची औषधे काही थांबत नाहीत.

मालकाने हात वर केले की काय होते, ते ‘आइसबर्ग १’ने दाखवले. मार्च २०१० मध्ये एडनच्या आखातात हे जहाज पकडले गेले. त्यावर चोवीस माणसे होती, त्यांत येमेन, घाना, सुदान, पाकिस्तान, फिलिपिन्सचे आणि सहा भारतीय. मालक दुबईचा. खंडणी भरायला कोणी पुढे आलेच नाही. दिवस गेले, महिने गेले, अन्नपाण्याचे हाल झाले. एकाने बंदिवासातच जीव दिला. जहाजावरचा एक भारतीय अधिकारी बेपत्ता झाला तो कायमचा. शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये सोमालियातल्याच पुंटलँड प्रांताच्या सागरी पोलिसांनी जवळजवळ दोन आठवडे वेढा घालून उरलेल्यांना सोडवले. पावणेतीन वर्षे झाली होती.

मलेशियाचा झेंडा लावलेले ‘अल्बेडो’ नोव्हेंबर २०१०मध्ये पकडले गेले. त्यावरच्या पाकिस्तानी खलाशांसाठी त्यांच्या देशातल्या लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा २०१२ साली त्यांच्यातले सात जण सुटले. बाकीचे जहाजावरच राहिले. जुलै २०१३ मध्ये ते जहाज नांगरल्या जागी बुडाले, आणि वाचलेले अकरा जण आणखी जवळजवळ वर्षभर, जून २०१४ पर्यंत, ओलीस राहिले. माणसाची सुटका शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्गणीवर सोडून देणारा हा धंदा जगातला बहुतेक सारा माल वाहून नेतो.

कोणी म्हणेल, या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या. २०१० साली जगभरात ५३ जहाजे पळवली गेली आणि १,१८१ माणसे ओलीस धरली गेली. त्या मानाने आज समुद्र शांत आहे, हे खरे. जहाज कंपन्यांनी १ जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरातला ‘अतिधोक्याचा पट्टा’ नकाशावरून काढूनही टाकला. पुढे वर्ष सरण्याआधी, १४ डिसेंबर २०२३ रोजी, माल्टाचा झेंडा असलेले ‘रुएन’ पळवले गेले. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जगाची आरमारे तिकडे गुंतली होती आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरची जुनी टोळकी पुन्हा बाहेर पडली. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशचे ‘अब्दुल्ला’ तेवीस माणसांसह पकडले गेले आणि महिन्याने सुटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेतल्या सिक्का बंदरातून दरबानला निघालेल्या ‘हेलास ॲफ्रोडाईटी’ या टँकरवर चाचे चढले. चोवीस जणांनी स्वतःला जहाजाच्या पोटातल्या भक्कम खोलीत कोंडून घेतले आणि एक स्पॅनिश युद्धनौका पोहोचेपर्यंत तग धरला. म्हणून ते वाचले.

आफ्रिकेच्या दुसऱ्या अंगाला, गिनीच्या आखातात, तर रीतच वेगळी आहे. तिथल्या टोळ्या सहसा जहाज नेत नाहीत. जहाज लपवायला जागा लागते, माल विकायला गिऱ्हाईक लागते. माणूस नायजर नदीच्या मुखाजवळच्या खारफुटीच्या जंगलात कुठेही ठेवता येतो. म्हणून ते शिडी लावून चढतात, माणसे उचलतात आणि जहाज तसेच तरंगत सोडून जातात. डिसेंबर २०१९ मध्ये नायजेरियाजवळ ‘नेव्ह कॉन्स्टेलेशन’वरून अठरा भारतीय उचलले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तोच ‘ड्यूक’ या टँकरवरून वीस भारतीय नेले. त्यातले एकोणीस पुढच्या जानेवारीत परतले. एकाने जंगलातच प्राण सोडला. २०२० साली जगभरात जहाजांवरून १३५ खलाशी पळवून नेले गेले, त्यातले १३० या एका आखातातून. तिथे आपले नौदल कायम गस्तीला नसते. तिथे खलाशाला वाचवणारे काही असेल तर त्याच्या कंपनीने आधी करून ठेवलेली तजवीज.

आता खंडणीवरच्या मुख्य आक्षेपाकडे येऊ. खंडणी दिली की चाचेगिरी वाढते, म्हणून द्यायचीच नाही, असे जबाबदार माणसेही म्हणतात. पहिला भाग आम्हाला मान्य आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २००५ ते २०१२ या काळात सोमाली चाच्यांनी ३३.९ कोटी ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी उकळली. प्रत्यक्ष जहाजावर चढणाऱ्या एकेका पोराच्या वाट्याला एका खंडणीतला एक ते अडीच टक्का आला; मोठा घास किनाऱ्यावर बसलेल्या, पैसा पुरवणाऱ्या सावकारांनी घेतला. १९९१ नंतर सोमालियात कित्येक वर्षे चालते सरकारच उरले नाही आणि परक्या ट्रॉलरनी तिथली मासळी ओरबाडली, हेही खरे. कोकणातल्या मच्छीमाराला ते दुःख वेगळे समजावून सांगायला नको. पण खंडणीच्या पैशाने एकाही सोमाली कोळ्याचे जाळे भरले नाही.

तरीही दुसरा भाग आम्ही मान्य करणार नाही. कारण खंडणी बंद झालेली नाही आणि होणारही नाही. मोठी कंपनी विमा उतरवते, वाटाघाटी करणारे जाणकार नेमते, पैसे देते आणि आपले जहाज, आपली माणसे सोडवून आणते. ‘द्यायचीच नाही’ हे तत्त्व अमलात येते ते फक्त किडक्या बोटीच्या कंगाल मालकाकडे नोकरी करणाऱ्या गरीब खलाशाच्या बाबतीत. दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर तत्त्व पाळणे सोपे असते.

आम्ही सरकारी तिजोरीतून खंडणी मागत नाही. आमचे म्हणणे असे आहे की ज्या जहाजाचा माणसांसाठी अपहरणाचा विमा नाही, त्या जहाजावर भारतातून एकही माणूस चढता कामा नये. हे करायला संयुक्त राष्ट्रांत जावे लागत नाही. माणसे भरणाऱ्या एजंटला परवाना देते ते आपले नौवहन महासंचालनालय, कांजुरमार्गला. त्या परवान्यात ही अट घाला. प्रत्येक खलाशाच्या करारासोबत विम्याचा कागद जोडायला लावा. तो नसेल तर परवाना रद्द करा आणि एजंटच्या अनामतीतून कुटुंबाला पैसे द्या. जगात दर दहा खलाशांमागे साधारण एक भारतीय आहे. इतकी माणसे पुरवणाऱ्या देशाने अट घातली तर जहाजवाल्यांना ती मानावीच लागेल.

पगाराचा नियम झालेला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०१८ साली दुरुस्ती झाली, ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि ती सांगते की खलाशी चाच्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्याचा पगार चालू राहिला पाहिजे. पण एकाच जहाजासाठी काढलेली कंपनी उद्या दार लावून गेली तर हा पगार कोण देणार? एजंटला त्यात बांधून घेतल्याशिवाय त्या नियमाने कोणाच्या घरची चूल पेटणार नाही.

नौदलाबद्दल आम्हाला एकच सांगायचे आहे. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘रुएन’ला गाठले, आपले मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले आणि चाळीस तासांनी सतराही खलाशी सुखरूप बाहेर आले. त्या जवानांचे ऋण आम्ही फेडू शकत नाही. पकडलेल्या पस्तीस चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केले, ते २०२२च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याखाली. हा कायदा यायला फार उशीर झाला. १९९९ साली ‘अलोंड्रा रेनबो’ पळवणारे चाचे आपल्याच तटरक्षक दलाने आणि नौदलाने पकडून मुंबईत आणले, सत्र न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा दिली, आणि २००५ साली ते उच्च न्यायालयातून सुटले. २०११ साली पकडून आणलेल्यांपैकी पंधरा जणांना शिक्षा व्हायला २०१७ उजाडले. त्याच खटल्यांपायी ‘अस्फाल्ट व्हेंचर’चे सात जण तिकडे खितपत पडले होते. आता कायदा आहे, तर खटले वेगाने चालवा. पण त्या कायद्याचा सारा रोख पकडलेल्या चाच्यावर आहे. ओलिसाच्या घरी रोज फोन करून खबर देणारा, नावानिशी जबाबदार असा एक अधिकारी नेमायला तर कायद्याचीही गरज नाही. उद्या नेमता येईल.

ज्यांच्या घरचे कोणी आता बोटीवर साइन ऑन करणार आहे, त्यांनी एवढे करावे. एजंटचा परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या यादीत पडताळून पाहा. यादीत नसलेल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. कराराची, सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तकाची) आणि विम्याच्या कागदाची प्रत घरात ठेवा. जहाजाचे नाव, झेंडा आणि मालक कंपनीचा पत्ता लिहून घ्या. अपहरणाच्या विम्याबद्दल विचारा, आणि उत्तर लेखी मागा. बोट पकडली गेली तर चाचे थेट घरी फोन करतात, रडणे ऐकवतात, घाई करतात. रकमेबद्दल त्यांच्याशी एक शब्दही बोलू नका. फोनचा नंबर, वेळ आणि ते काय बोलले हे टिपून ठेवा, आणि त्याच दिवशी कंपनी, महासंचालनालय आणि खलाशांची युनियन या तिघांनाही लेखी कळवून पोच घ्या.

आपले,
बोटीवरून निवृत्त झालेले खलाशी आणि आज बोटीवर असलेल्यांच्या घरची माणसे