ओरिजिनल? कशाचं ओरिजिनल?

इलेक्ट्रिक ब्लूजच्या 'ओरिजिनल प्रेसिंग' जमवणाऱ्या मंडळींबद्दल बरेच दिवस मनात खदखदत होतं, ते आज एकदाचं लिहून टाकतो. माझ्या मते हा नाद संगीताचा नाहीच. जुनी नाणी किंवा पोस्टाची तिकिटं जमवण्याच्या जातीचा आहे. त्यातही वाईट काही नाही म्हणा. पण मग "खरा ब्लूज आम्हीच ऐकतो" हा तोरा नको!

यांची भक्ती बघा. रेकॉर्ड हातात आली की गाणं नंतर. आधी लेबलचा रंग, मग लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, मग कव्हरचे कोपरे. आणि सील फोडलेलं नसेल तर सोन्याहून पिवळं. म्हणजे जी कधी वाजलीच नाही तिला सगळ्यात जास्त भाव!

बरं, ओरिजिनल तरी कशाचं? चेस कंपनीची १९५८ची 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स' घ्या. नावातच कबुली आहे. त्यातली गाणी १९४८ ते १९५४ या काळात सुट्या रेकॉर्डवर येऊन, ज्यूकबॉक्समध्ये वाजून वाजून झिजलीसुद्धा होती. अल्बर्ट किंगची १९६७ची 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हीसुद्धा बरीचशी आधीच्या सिंगल्सची मोळी. ज्यांच्यासाठी हे संगीत होतं ती माणसं नाणं टाकून ऐकत होती, नाचत होती. कोपरे कोण बघतंय?

आता पहिल्या प्रतीवर काय छापलंय ते पाहू. ज्युनिअर वेल्सची 'हूडू मॅन ब्लूज', डेलमार्क, १९६५. गिटारवर बडी गाय. पण तो चेसशी कराराने बांधलेला असेल या शंकेपायी सुरुवातीच्या प्रतींवर त्याचं नाव छापलं 'फ्रेंडली चॅप'. (बडी म्हणजे दोस्त, गाय म्हणजे माणूस, हा त्यातला विनोद.) खरं नाव आलं नंतरच्या प्रतींवर. मग मला सांगा, अस्सल कुठली?

बी. बी. किंगच्या पन्नासच्या दशकातल्या कित्येक गाण्यांवर सहलेखक म्हणून 'टॉब', 'जोसिया' अशी नावं आहेत. ही माणसं नव्हतीच. कंपनीचे मालक बिहारी बंधू (आपल्या बिहारशी संबंध नाही!) यांची ती टोपणनावं, गाण्याच्या कमाईत वाटा मिळावा म्हणून घातलेली. मडी वॉटर्स आणि विली डिक्सन यांना तर सत्तरच्या दशकात स्वतःच्याच गाण्यांच्या पैशासाठी आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. त्या लेबलांची आज पूजा होते. आणि रेकॉर्ड कितीही महाग विकली गेली तरी वादकाच्या घरी एक दमडी जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात मूळ चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा मागता येतो. रेकॉर्डला तशी सोय नाही.

संग्राहकांची एक बाजू मात्र मला मान्य आहे. साठच्या दशकात मोनो रेकॉर्डिंगचं ओढूनताणून स्टीरिओ करून कंपन्यांनी अनेक रेकॉर्डांची वाट लावली. तिथे जुनी प्रतच कानाला खरी लागते. शिवाय २००८ मध्ये हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. तीत चेसच्या मूळ टेपही गेल्याचं २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. मूळ टेपच नसेल तर जुनी प्रत हा पुरावा आहे, कबूल.

पण पुरावा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कोणाला उपयोग? वाजवा, नीट डिजिटाइझ करा, पोरांना ऐकवा, मित्राला द्या. झिजेल थोडी. झिजू दे! आणि उरलेल्या पैशातून हयात कलाकारांचं तिकीट काढा. २०११ मध्ये बडी गाय वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला, तेव्हा तिथे पोस्टरवर त्याचं स्वतःचं नाव होतं.

असो. कपाटात सीलबंद माल असलेल्यांनी दगड खुशाल मारावेत. फक्त मारण्याआधी एक रेकॉर्ड फोडून ऐका.