ईदनंतरची खोली

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात रेशनची किटं इतकी येतात, की काही घरांत दोन-दोन होतात. ईद झाली की कुणी फिरकत नाही.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या दहा-बारा घरांनी एका रिकाम्या खोलीत धान्य जमवलं. लॉकडाऊन उठला, तसे देणारेही उठून गेले. खोली तगली ती बायकांमुळे. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला, दर जुम्म्याला डबा खोलीत रिकामा. सरकारी रेशन माणशी महिना पाच किलो, ते शेवटच्या आठवड्यापर्यंत पुरत नाही. म्हणून आम्ही वीस तारखेनंतरच वाटतो.

सुरुवातीला फोटो काढायचो. एक विधवा भाभी पिशवी न घेताच परत गेल्या. तेव्हापासून फोन बंद.

जकातीचे पैसे वेगळे ठेवतो, त्यांचे नियम ठरलेले आहेत. मुठीचा तांदूळ मात्र पलीकडच्या मातंग वस्तीतही जातो. यावर काहींनी नाकं मुरडली. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याबद्दलची हदीस हेच लोक ऐकवतात. तिच्यात शेजाऱ्याचा धर्म कुठे सांगितलाय?

सध्या अडलंय ते तेलापाशी. तेल काही मुठीने जमत नाही.