शिकारीचा हंगाम की माळाची मोजदाद?

रानडुकरे आणि मोर पिकांची नासधूस करतात, ही तक्रार आपल्या भागात आता नवी राहिलेली नाही. शेजारच्या गोव्यात तर २०१६ साली मोराला उपद्रवी प्राण्यांत घालण्याचा विचार सरकारी पातळीवर बोलून दाखवला गेला आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. अशा तक्रारी वाढल्या की एक सूचना हमखास पुढे येते : शिकारीवरची बंदी उठवा, परवाने द्या, हंगाम ठरवून द्या, परदेशात नाही का चालत? ही सूचना करणारांत आमच्या वसतिगृहातले काही मित्रही आहेत, आणि ते सगळेच काही मांसाचे लोभी नाहीत. (एकदोघे आहेत!) रानडुकराचा प्रश्न पीकरक्षणाचा आहे, त्यात मी येथे शिरत नाही. परंतु त्याच सुरात तित्तर, लावा, रानकोंबडा यांच्या नावानेही परवाने मागितले जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

हंगामाची कल्पना आपल्याला परकी नाही. १८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने नगरपालिका आणि लष्करी छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या दिवसांत नुकताच मारलेला रानपक्षी बाळगण्यास व विकण्यास बंदी घालण्याची सोय केली होती. आपले शहर छावणीचे, तेव्हा तो कायदा आपल्या बाजारपेठेशी थेट संबंध असलेला होता. १९१२ च्या कायद्यात तित्तर, लावा, रानकोंबडा, पखुर्डी, मोर, माळढोक यांची नावे घालून ‘बंद हंगाम’ जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. १९५१ साली मुंबई राज्याने आपला स्वतंत्र कायदा केला. आपला जिल्हा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला तित्तर आणि लावा ‘लहान शिकारी’त मोडत आणि परवाना काढून ते मारता येत. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने बंद झाले. तेव्हापासून माळावरचा तित्तर मारणे हा सरळ गुन्हा आहे.

म्हणजे शंभरावर वर्षे आपल्याकडे हंगाम होता, परवाना होता. नव्हती ती मोजणी. अमुक माळावर तित्तर किती, त्यांपैकी यंदाची पिल्ले किती, यंदा किती मारले तर पुढल्या वर्षी तितकेच राहतील, हे विचारल्याशिवायच तारखा ठरत आल्या. आणि तारखा तरी कशा? राखी तित्तराची वीण मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर. पावसाळी लावा पाऊस पडल्यावर अंडी घालतो. दुसरा लावा तर थंडीपुरता उत्तरेकडून येणारा पाहुणा. या सर्वांना एकच तारीख लावायची म्हणजे ‘आधा तीतर, आधा बटेर’ असाच प्रकार!

आता परदेशाकडे वळू, कारण हंगामवाल्यांचा सारा भर तिकडेच असतो. त्यांचे म्हणणे अगदी पोकळ नाही, हे मी मान्य करतो. अमेरिकेत आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने १९३३ साली शिकारी पक्षी-प्राण्यांच्या व्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या विषयाचे अध्यापन सुरू केले. १९३७ च्या एका कायद्याने तेथे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील अकरा टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जाऊ लागला. पॉल एरिंग्टन या अभ्यासकाने तिकडच्या बॉबव्हाइट नावाच्या लाव्यावर वर्षानुवर्षे काम करून असे दाखवले, की झुडपांचा आडोसा जितक्या पक्ष्यांना पुरतो तितकेच हिवाळ्यातून तगतात. उरलेले उपाशी मरतात किंवा घुबड-ससाण्याच्या तोंडी जातात. मग त्या उरलेल्यांतला वाटा माणसाने घेतला तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद मोठा गोंडस आहे. पण पुढील संशोधनाने त्याला वेसण घातली. हंगाम लांबवून हिवाळ्याच्या शेवटी मारलेला पक्षी हा ‘उरलेला’ नसतो. तो तगून राहिलेला, येत्या विणीचा पक्षी असतो.

आणि ‘उरलेले’ किती, हे कळते कशाने? तिकडे ठरावीक रस्त्यांवरून, दरवर्षी त्याच दिवसांत, पहाटे नरांच्या आरोळ्या मोजतात. शिकाऱ्यांकडून मारलेल्या लाव्यांचे पंख मागवून घेतात, कारण पिसांवरून त्या वर्षीचे पिल्लू कोणते आणि जुना पक्षी कोणता हे ओळखता येते. पिल्लांचे प्रमाण घटले तर धोक्याची सूचना मिळते. बंदूक दिसते ती दोन-चार महिने. वही बारा महिने चालते. आमचे मित्र चित्रात पाहतात ती बंदूक.

एवढी जय्यत तयारी असूनही हंगामाने पक्षी वाचतोच असे नाही. इंग्लंडमध्ये तित्तराच्या हंगामाच्या तारखा १८३१ च्या कायद्यापासून चालत आल्या आहेत. तरीही तेथला करडा तित्तर गेल्या साठेक वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने ससेक्स परगण्यातील शेतांवर १९६८ पासून याचा माग काढला. तित्तर मोठेपणी दाणे खातो, पण पिल्लाला पहिले दोन आठवडे किडेच लागतात. गव्हात तणनाशक मारले की तण गेले. तण गेले की त्यावरचे किडे गेले. आणि किडे गेले की पिल्ले उपासमारीने मेली. कोणी त्यांना छरा मारला नव्हता. पुढे काही शेतकऱ्यांनी शेताच्या कडेचा सुमारे सहा मीटरचा पट्टा फवारणीविना सोडला, तेव्हा तेथे पिल्ले अधिक जगू लागली. सहा मीटर! आपल्याकडे एखाद्या रुंद बांधाला तेवढी जागा सहज जाते.

उलट बाजूचे उदाहरणही देतो, नाहीतर बंदीवाले खूष होऊन बसतील. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत एका बेटावर हीथ हेन नावाचा कोंबडीच्या कुळातला पक्षी उरला होता. १९०८ साली त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केले, तेव्हा त्याची संख्या सत्तरच्या आतबाहेर होती. सात-आठ वर्षांत ती दोन हजारांच्या घरात गेली. मग १९१६ मध्ये विणीच्या दिवसांत वणवा पेटला, मागोमाग कडक हिवाळा आला, पाळीव कोंबड्यांचा रोग शिरला. १९३२ साली शेवटचा पक्षी दिसला तो दिसला. आपल्या माळढोकाचे काय झाले? त्याला १९७२ च्या कायद्यात सर्वांत कडक संरक्षण मिळाले, १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य झाले, आणि आज साऱ्या देशात रानात तो दीडशेच्या आसपासही राहिलेला नाही. मारणे थांबले म्हणून गवत उगवत नसते.

आपल्या जिल्ह्यात खानापूरच्या जंगलात रानकोंबडा आहे, आणि गोकाक, सौंदत्ती, अथणीकडच्या माळावर तित्तर नि लावा. आमच्या कन्नड मित्रांचा गौजलहक्की तो हाच. तो अजून पुष्कळ दिसतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही. सरकारी कागदावर त्याचे घर ‘पडीक’ असते. ज्याला पडीक म्हटले त्यावर काहीही करायला मोकळीक! आवळून आवळून गायरान अर्धे होते, उरलेल्यावर वनमहोत्सवात निलगिरी आणि बाभळी लावल्या जातात, फोटो निघतो. झाडे लावणे पुण्याचे खरे, पण उघड्या गवताळ माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे माशांना राहायला बंगला बांधून देण्यासारखे आहे. मार्चअखेरीस वाळल्या गवताला काडी लावतात, नेमके तित्तराची मादी गवताच्या बुंध्याशी घरटे करू लागते तेव्हा. उसात आणि सोयाबीनमध्ये तणनाशक आले आहे. पिल्लांना लागणारी वाळवी आणि टोळ त्यातून किती उरतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणी तपासले असल्यास मला आनंदच होईल.

म्हणून माझे मत असे, की शिकारबंदी राहू द्यावी. जेथे मोजणी नाही, तपासनीस नाही, तेथे परवाना म्हणजे फक्त पावती. आजही चोरून फासे लागतात, पिंजऱ्यातला बोलका तित्तर ठेवून रानातले बोलावले जातात. पण त्यासाठी एखाद्या भटक्या जमातीच्या माथी सगळे खापर फोडण्याची आपली सवय मला मान्य नाही. ते तित्तर विकत घेऊन खाणारे गावातलेच असतात. (धाब्यावर ‘बटेर’ म्हणून मिळते ते बहुधा पाळलेले जपानी लावे असतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.)

आणि मोजणी मात्र आपणच सुरू करावी. त्याला अनुदान लागत नाही. माळावरून जाणारी एक गाडीवाट निवडायची, अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर दहा जागा ठरवायच्या. उजाडण्याआधी अर्धा तास निघायचे, प्रत्येक जागी पाच मिनिटे गप्प उभे राहायचे आणि किती वेगवेगळे नर ओरडले तेवढे लिहायचे. ऑक्टोबरात त्याच वाटेने जाऊन थव्यांत पिल्ले किती, मोठे किती ते पाहायचे. पहिल्या वर्षीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. पाचव्या वर्षी तोच वनखात्यापुढे ठेवता येतो. आपण पदवी घेऊन जाऊ, म्हणून दरवर्षी प्रथम वर्षाचे चार विद्यार्थी सोबत घ्यावे लागतील. वही विज्ञान शाखेने ठेवावी आणि रकान्यांची नावे मराठी व कन्नड दोन्हींत लिहावीत. पहिली फेरी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. सायकल ज्याची त्याने आणायची.