दगड वेचताना

वरच्या गलीलमधील माझ्या पुतण्याच्या मोशावात घराशेजारी दोन दुनाम जमीन पडीक होती. तेथे डाळिंबे लावावयाची त्याने ठरविले. माती तांबडी व कसदार, परंतु चुनखडीच्या टेकडीवरील उतार असल्यामुळे मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत दगड सर्वत्र विखुरलेले. शेजाऱ्याकडून ट्रॅक्टरमागे जोडावयाचे दाताळे मागून आणले. एका आडव्या दांडीवर अर्धचंद्राकार वाकविलेले पोलादी दात, एकमेकांपासून सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावर. माती व खडे फटींतून खाली गळावेत आणि मोठा दगड पुढे ओढला जावा, अशी ही योजना.

त्या दिवशी मी तेथे होतो. मला यंत्राचे ज्ञान नाही, पण शिक्षकाला सूचना दिल्यावाचून राहवत नाही. "आणखी खोल घाल रे, वरवर काय खरवडतोस?" असे मी म्हणालो आणि काकांचा मान राखून त्याने दात खोल उतरविले. तीन फेऱ्यांत शेत निर्मळ दिसू लागले. बांधालगत कमरेएवढी रास झाली. आम्ही दोघेही खूष.

सायंकाळी मामा आले. वय पंच्याऐंशी, बालपण पेणच्या भातशेतीत गेलेले. त्यांनी काठीने रास उकरली व म्हणाले, "अरे बाबा, दगड वेचलेस की माती?" राशीत निम्म्याहून अधिक लाल मातीच होती. नोव्हेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात उरलेलीही वाहिली आणि दोन ठिकाणी खालचा पांढरा कातळ उघडा पडला. अशा उतारावर मातीचा थर मुळातच पातळ असतो. तो पुन्हा तयार होण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही.

चूक माझी होती, म्हणून रीत नीट समजून घेतली. हे दाताळे दगड उपटण्यासाठी नाही, सुटे दगड गोळा करण्यासाठी आहे. जमीन आधी नांगराने अथवा फाळाने मोकळी करावयाची. ओल निघून गेल्यावर, पण धूळ उडण्याइतकी कोरडी होण्यापूर्वी दाताळे फिरवावयाचे. ओल्या मातीची ढेकळे होतात आणि दात ती दगडांप्रमाणेच ओढून नेतात. दात जमिनीत वरवरच लागावेत, ट्रॅक्टर अगदी सावकाश चालावा. मागे लहान चाके असली तर खोली आपोआप राखली जाते. दांडी तिरकी लावली की दगड बाजूला ओळीने साठतात. वळताना दाताळे उचलावयाचेच, नाहीतर दात वाकतात. रुतलेला धोंडा लागला तर ट्रॅक्टर थांबवून पहार घ्यावी. आणि बारीक खडे राहू द्यावेत. ते पावसाचा मार झेलतात व ओल टिकवितात.

या कामाला हिब्रूत 'सिकूल' म्हणतात. यशयाच्या पाचव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा मालकही दगड काढतो, तेथे याच धातूचे रूप आहे. नवल असे की, दगडांनी मारण्याची शिक्षाही याच धातूने सांगितली जाते! मिश्नाच्या 'श्वीईत' भागात शमिताच्या वर्षी शेतातून दगड नेणाऱ्याने वरचे दगड घ्यावेत, जमिनीला टेकलेले राहू द्यावेत, असा नियम आहे. त्यामागील कारण वेगळे आहे; मशागत केल्यासारखे दिसू नये, एवढेच. पण त्या नियमाने आमची निम्मी माती वाचली असती, असे मला वाटून गेले.

पुढील चार शुक्रवार आम्ही सकाळी राशीजवळ बसलो. चाळणीतून माती चाळून घमेल्यांनी ती परत पसरली. मामांनी खुर्चीवरून हुकूम सोडले: दगड फेकावयाचे नाहीत, उताराला आडवी ताल रचावयाची, मोठे तळाशी, लहान फटीत, चुना अथवा सिमेंट काही नको, पाणी झिरपून गेले पाहिजे. कोकणात त्यांचे वडील असेच बांध घालीत. ताल आता गुडघ्याएवढी झाली आहे आणि या पावसात तिच्यामागे बोटभर गाळ साठला.

रोपे मात्र यंदा लावली नाहीत. २०२८ च्या सप्टेंबरात शमिताचे वर्ष लागेल, त्यापूर्वी ती जमिनीत गेली पाहिजेत. पुतण्या पुन्हा दाताळे आणणार आहे. त्या दिवशी मी घरातच बसावे, असे त्याने मला नम्रपणे सुचविले आहे.